गेम पाचव्या प्रकरणात अडकलाय, आणि भावाला सांगितलंय सातवं

«ताई, मी 34 वर्षांची आहे, साताऱ्यात एका पतसंस्थेत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी धाकटा भाऊ नोकरीसाठी जर्मनीला गेला. जाताना त्यानं स्वतःचा जुना निन्टेंडो 3डीएस, म्हणजे हातात धरून गेम खेळायचा छोटा कन्सोल, माझ्या हातात ठेवला. आत 'ब्रेव्हली डिफॉल्ट' नावाचा गेम होता. 'हा पूर्ण खेळ, मग आपण बोलू,' म्हणाला. मी तोवर फोनवरच्या गोळ्या फोडण्यापलीकडे काही खेळले नव्हते. पण मुलगी झोपली की रोज अर्धा-पाऊण तास खेळत गेले आणि खरंच रमले. सुरुवातीला टिझच्या, म्हणजे गेमच्या नायकाच्या, हातून धाकट्या भावाचा हात सुटतो तिथं मी रडले. चार प्रकरणं संपली, पन्नासेक तास झाले. आता पाचव्यात सगळं पहिल्यापासून सुरू झालंय. तीच चार मंदिरं, तेच क्रिस्टल, तेच राक्षस. पुढे जाववत नाही. भाऊ दर रविवारी फोनवर विचारतो, 'कुठवर आलीस?' गेल्या महिन्यात मी 'सातव्यात' असं खोटंच सांगून टाकलं. तेव्हापासून त्याचा फोन वाजला की पोटात गोळा येतो. माझ्यातच चिकाटी नाही, की गेमच असा आहे? सोडून दिला तर त्याला वाईट वाटेल. शिवाय आठ वर्षांची मुलगी हल्ली शेजारी बसून बघते, ते चालेल का? आणि हे म्हणतात, एवढ्या वेळात एखादी खात्याची परीक्षा झाली असती. — अर्ध्या वाटेवरची»

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या चिकाटीत काही खोट नाही, हे आधी सांगते. 'ब्रेव्हली डिफॉल्ट' पाचव्या प्रकरणापासून खरोखरच रेंगाळतो. या गेमवर जीव टाकणारी माणसंही हे मान्य करतात, आणि त्यात मी आलेच. मी तो दोनदा खेळले आहे. पहिल्या वेळी सहाव्या प्रकरणात कन्सोलचं झाकण लावलं, ते दोन महिने उघडलं नाही.

पण तुम्ही पन्नास तास कशाच्या ओढीनं खेळलात ते आधी बघू या. पुढचा रस्ता त्यातूनच सापडेल.

तुम्ही पतसंस्थेत आहात, म्हणजे या गेममधली लढाई तुम्हाला इतरांपेक्षा लवकर उमगली असणार. ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लढाईत आपल्या चार माणसांपैकी प्रत्येकाच्या नावावर पॉइंट असतात. 'डिफॉल्ट' केलं की तो डाव सोडायचा, अंग सावरून मार कमी करायचा आणि एक पॉइंट शिल्लक टाकायचा. शिल्लक तीनपर्यंत वाढते. 'ब्रेव्ह' केलं की ती शिल्लक मोडून एकाच डावात चार चालींपर्यंत खेळता येतं. खात्यात काही नसतानाही चार चाली खेळता येतात, पण ती उचल असते, आणि ती फिटेपर्यंत पुढचे डाव नुसतं उभं राहून मार खावा लागतो. तुमच्या कामात डिफॉल्ट म्हणजे थकलेला हप्ता. इथं नेमकं उलट, पोटाला चिमटा काढून बाजूला टाकलेली ठेव.

एवढ्या साध्या नियमावर पन्नास तास कसे जातात, हे बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. शत्रूचंही असंच खातं असतं. समोरचा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, दोन डाव गप्प बसला की आपल्याला घाम फुटतो, कारण तो साठवतोय. आता आपणही बचाव धरायचा की त्यानं फोडण्याआधीच सगळी उचल घेऊन त्याला आडवा करायचा? चिल्लर शत्रूंवर चौघांनी पहिल्याच डावात मिळून सोळा वार करायचे आणि त्यांचा डाव येऊच द्यायचा नाही, यात एक सुख आहे. आणि हिशेब एका वारानं चुकला तर चौघंही उघड्यावर पडतात, त्यात भीतीही आहे. अशा लढाया मी बऱ्याच गेममध्ये खेळले, पण पैसा जपून वापरण्याची ही समज दुसऱ्या कुठल्या गेमनं इतकी बोटांत उतरवली नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कामं, गेमच्या भाषेत जॉब. ते 24 आहेत, आणि प्रत्येक चौदाव्या पातळीपर्यंत चढतो. बहुतेक जॉब त्या त्या विद्येच्या माणसाला हरवूनच मिळतात. एक मुख्य जॉब, जोडीला दुसऱ्याच्या विद्या, वर आणखी चार-पाच बारीक गुण, अशी गोधडी ज्यानं त्यानं आपापली शिवायची. तुमच्या भावाची पार्टी, म्हणजे चौघांची टोळी, आणि तुमची पार्टी सारखी असण्याची शक्यता फार कमी आहे. रविवारी बोलायला हाच विषय धरा. चौघांतल्या इडियाला तुम्ही काय केलंत, अन्येसला व्हाइट मेज, म्हणजे जखमा भरणारी जादूगारच ठेवलंत की आणखी काही शिकवलंत, हे ऐकायला त्याला 'कितवं प्रकरण' यापेक्षा जास्त मजा येईल.

तिसरी गोष्ट अशी, की हा गेम खेळणाऱ्याचा वेळ जाणतो, निदान पहिल्या चार प्रकरणांत. जपानमध्ये तो ऑक्टोबर 2012 मध्ये आला. लोकांच्या तक्रारी ऐकून डिसेंबर 2013 मध्ये सुधारलेली आवृत्ती निघाली, आणि जपानबाहेर सगळीकडे तीच गेली. तुमच्या हातातली तीच असणार. त्यात वाटेत शत्रू किती वेळा आडवे यावेत हे आपण ठरवतो. दुपटीपर्यंत वाढवता येतं आणि शून्यावरही आणता येतं. लढाई चौपट वेगानं पळवता येते. सोपं-अवघड कधीही बदलता येतं. याला चीटिंग समजू नका. ज्यांनी गेम घडवला त्यांनीच ही बटणं तुमच्या हातात दिली आहेत.

आणि देखणेपण! गावं अशी काढलीत की कुणी चित्रांचं पुस्तक उघडून उभं केलंय. गावात शिरून नुसतं स्थिर उभं राहिलं की दृश्य हळूहळू मागे सरकतं आणि पूर्ण गाव एका चौकटीत येतं. अँकाइमच्या वाळवंटात वारा थांबलाय, म्हणून पवनचक्क्या थांबल्यात. तिथं मी किती वेळ काही न करता उभी होते. माणसांची चित्रं अकिहिको योशिदांची आहेत आणि संगीत रेव्होचं. संगीताची एक बारीक गंमत तुमच्या लक्षात आली का? खास वार केला की त्या माणसाची स्वतःची धून सुरू होते, आणि त्या वारानं मिळालेलं बळ ती धून वाजते तोवरच टिकतं. आपण लढत असतो आणि कान गाण्याकडे असतो, आता संपेल, आता संपेल.

तर असा हा गेम, आणि मग येतं पाचवं प्रकरण.

चार क्रिस्टल जागे करायला पहिली चार प्रकरणं लागली. पुढच्या चारांत, म्हणजे पाच ते आठ, प्रत्येकात तेच चार क्रिस्टल पुन्हा जागे करायचे. म्हणजे आणखी सोळा वेळा. मंदिरातले राक्षस तेच. वाटेतली माणसंही तीच, ज्यांना हरवून तुम्ही त्यांची विद्या घेतलीत. कथेला पुनरावृत्ती हवी होती, हे मला पटतं. काहीतरी चुकतंय अशी शंका त्या चौघांच्या मनात हळूहळू यायला हवी, आणि फेऱ्या मारल्याशिवाय ती येणार नाही. पण खेळणाऱ्याला ती शंका पहिल्याच फेरीत येते. पात्रांना यायला चार फेऱ्या लागतात. या मधल्या अंतरात माणूस कंटाळतो, आणि कंटाळणाऱ्याची त्यात काही चूक नाही. एका फेरीत, फार तर दोन फेऱ्यांत हेच काम झालं असतं. लढाईचा इतका नेमका हिशेब मांडणाऱ्यांनी इथं हात आखडता घ्यायला हवा होता, असं मला आजही मनापासून वाटतं.

बाकीच्या उणिवा लहान आहेत. खलनायकांपैकी बरेच एकाच रंगात रंगवलेत. चौघांतल्या रिंगाबेलचं बायकांमागे लागणं दहाव्या वेळेला नकोसं होतं. लढाई मध्येच गोठवून जादा वार करण्याची एक सोय आहे, तिचे पॉइंट कन्सोल झोपवून ठेवला की साठतात, पण खरे पैसे मोजूनही विकत मिळायचे. एवढ्या देखण्या गेममध्ये ते गल्ला मांडून बसणं खटकायचं. मार्च 2023 मध्ये 3डीएसचं ऑनलाइन दुकान बंद झालं, त्यामुळे आता तो प्रश्नच उरला नाही.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते.

आज रात्री खेळायला बसलात की सगळ्यात आधी सेटिंगमध्ये जाऊन वाटेतल्या लढाया शून्यावर आणा. तुम्ही चार प्रकरणं नेटानं खेळलात, म्हणजे तुमची माणसं पुरेशी तयार असणार. कमी पडली तर एखाद्या संध्याकाळी त्याच लढाया दुप्पट करून अर्ध्या तासात भरपाई होते. मग थेट मंदिरं गाठा. पाचव्या आणि सहाव्या प्रकरणात जुन्या शत्रूंशी पुन्हा लढणं ऐच्छिक आहे. नकाशावर निळी खूण दिसली म्हणून जायलाच हवं असं नाही. मी पहिल्या वेळी प्रत्येक खुणेमागे धावले आणि तिथंच दमले. दुसऱ्या वेळी पाचव्यातल्या जवळजवळ सगळ्या सोडल्या आणि गेम हातात टिकला. सातव्या-आठव्या प्रकरणासाठी मात्र थोडी हौस राखून ठेवा. तिथं तीच माणसं गटागटानं समोर येतात, एकाची विद्या दुसऱ्याला पूरक, आणि ठेव-उचलीचा खेळ पुन्हा पहिल्यासारखा रंगतो. त्यांची एकमेकांत काय नाती होती तेही तिथं कळतं.

पुढच्या परिच्छेदात कथेचं थोडंसं उलगडणार आहे. कोरं राहायचं असेल तर तो सोडून पुढे जा.

क्रिस्टल जागा करताना एक बटण सारखं दाबत राहावं लागतं. ठरावीक वेळी एअरी, ही चौघांना वाट दाखवणारी परी, 'पुरे, थांबा' म्हणते आणि आपण थांबतो. पाचव्या प्रकरणापासून पुढे तुम्ही थांबला नाहीत, तरी चालतं. तिनं कितीही विनवलं तरी बोट उचलू नका, आणि काय होतं ते बघा. गेम तिथून वेगळ्या वाटेला लागतो आणि आपल्या परीनं शेवटालाही जातो. ती वाट लांबीनं कमी, पण लढायला सोपी नाही. खरा, सविस्तर शेवट आठव्या प्रकरणापलीकडेच आहे. पण नको असलेलं काम 'नको' म्हणून मध्येच मोडण्याची मुभा या गेमनं स्वतःहून दिलेली आहे, आणि नावातलं 'ब्रेव्हली' मला तिथं पहिल्यांदा नीट समजलं. तुम्ही हा शेवट गाठलात तर गेम पूर्ण केला असं बिनदिक्कत म्हणा.

मुलीबद्दल. या गेमला अमेरिकेत 'टीन' हे मानांकन आहे, म्हणजे साधारण तेरा वर्षांपुढच्यांसाठी. रक्ताचे सडे नाहीत, चित्रं बाहुल्यांसारखी आहेत, पण कथेत मरण आहे, फसवणूक आहे, आणि रिंगाबेलची बडबड आठ वर्षांच्या मुलीसमोर मला तरी नको वाटेल. कथेचे प्रसंग ती झोपल्यावर बघा. तिला नोरेन्डे द्या. टिझचं ते जमिनीच्या भेगेत गडप झालेलं गाव पुन्हा वसवण्याचं काम गेममध्येच एका कोपऱ्यात चालू असतं. कुठल्या दुकानाला किती गडी लावायचे, कुठला रस्ता आधी मोकळा करायचा, एवढं ठरवलं की बांधकाम खऱ्या घड्याळाप्रमाणे चालतं. गेम चालू ठेवून झाकण मिटलं आणि कन्सोल चार्जरला लावला, तरी काम थांबत नाही. रात्री गडी नेमायचे आणि सकाळी शाळेच्या आधी झाकण उघडून काय झालं ते बघायचं, हे आठ वर्षांच्या मुलीला बरोबर जमेल. एक अडचण आहे. गावात माणसं वाढतात ती दुसऱ्या 3डीएसवाल्यांच्या जवळून गेल्यावर. जपानमधल्या लोकलमध्ये एके काळी रोज दहा-वीस भेटत असतील, साताऱ्यात कुणी भेटण्याची आशा धरू नका. 3डीएसच्या बहुतेक ऑनलाइन सेवाही एप्रिल 2024 मध्ये बंद झाल्या. त्यामुळे तुमचं नोरेन्डे सावकाश उभं राहील. मुलीला ते आधीच सांगून ठेवा, म्हणजे हिरमोड होणार नाही.

तुमच्या ह्यांना एवढंच सांगा, की घरातलं आणि नोकरीतलं आवरून उरलेला तो अर्धा तास तुमचा आहे. परीक्षा द्यायची असेल तर जरूर द्या, पण तुम्हाला हवी म्हणून. गेम खेळल्याची भरपाई म्हणून नको.

आता भाऊ.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली, टिझच्या हातून धाकट्या भावाचा हात सुटतो ती. ज्या बहिणीचा धाकटा भाऊ परदेशी निघालाय, तिच्या हातात त्याच भावानं नेमका हा गेम द्यावा, हे त्यानं ठरवून केलं की नकळत, मला माहीत नाही. तुमच्यासाठी मात्र हा गेम भावाशी बोलत राहण्याचा एक धागा आहे, हे उघड आहे. म्हणून ते खोटं तुम्हाला इतकं टोचतंय. इतर कशाबद्दल 'झालं, झालं' म्हणून वेळ मारून नेली असतीत तर रविवारचा फोन जड झाला नसता.

त्याला खरं सांगा, आणि तेही याच रविवारी. फार मोठी प्रस्तावना नको. 'अरे, मी सातव्यात नाही, पाचव्यातच अडकलेय, तुला वाईट वाटेल म्हणून बोलले,' इतकं पुरे. तो रागावेल असं मला वाटत नाही. हा गेम पूर्ण खेळलेला माणूस 'पाचवं प्रकरण' हे शब्द ऐकले की आधी हसतो, मग स्वतःची कहाणी सांगायला लागतो. 'पूर्ण खेळ, मग आपण बोलू' ही त्याची अट मात्र तुम्ही मोडा. अर्ध्यातच बोला. काय आवडलं, कुठं वैतागलात, कुठल्या बॉसनं किती वेळा मारलं, सगळं. गेमला नावं ठेवलीत म्हणजे त्याच्या भेटीला नावं ठेवलीत असं होत नाही. उलट तुम्ही तो मनापासून खेळलात हे त्याला त्यातूनच कळेल.

याउपरही पुढे जावंसं वाटलं नाही तर सोडा. चार प्रकरणांत जे मिळालं ते तुमचंच आहे. नवा कन्सोल घेऊन पुन्हा सुरू करण्याच्या फंदातही पडू नका. जून 2025 मध्ये निन्टेंडोच्याच स्विच 2 या नव्या कन्सोलवर याची नवी, झळाळती आवृत्ती आली आहे, पण पाच ते आठची गोष्ट तिथंही तीच आहे.

फोनच्या आधी एक करून बघा. 3डीएसच्या मुख्य पडद्यावर 'अ‍ॅक्टिव्हिटी लॉग' नावाचं चित्र असतं. कुठला गेम पहिल्यांदा कधी लावला, कुठल्या महिन्यात किती खेळला, सगळ्याची नोंद त्यात राहते. भावानं कन्सोल देताना सगळं पुसलं नसेल तर तुमच्या तारखांच्या आधी त्याच्या तारखा दिसतील. माझ्या नोंदीत सहाव्या प्रकरणापाशी दोन महिने रिकामे आहेत. त्याच्या नोंदीत असे किती महिने रिकामे आहेत ते मोजा, आणि रविवारी त्याला विचारा, तेव्हा तो कुठं अडकला होता.